आधी बाहेरचं बंद करा

तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येमध्ये "गो, मुद्द्यार ये" असं म्हणायला तुम्हाला जागा राहणार नाही. तुमच्या दिवसकार्याला घातलेल्या मांडवाचे बांबू अजून खळ्यात पडून आहेत आणि इकडे मी आईंना सगळं सांगून मोकळी झाले. एकही गोष्ट मागे ठेवली नाही. का सांगितलं, ते तुम्हाला कळायला हवं. ऐकून घ्या. जिवंतपणी नाही ऐकलंत, आता तरी ऐका.

पोटावरून आपण जेवढे भांडलो तेवढे कशावरूनच भांडलो नाही. तुमचा मासळीचा टेम्पो. पहाटे मालवणच्या बंदरावर माल भरायचा, वर बर्फ घालायचा आणि फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठायचं. निघताना पोटात काय, तर चहा आणि खारी बिस्किटं. मी डबा द्यायची. नाचणीची भाकरी, चवळीची उसळ, कधी लाल माठ, कधी फणसाची भाजी. डबा बहुतेकदा जसा गेला तसाच परत यायचा. वाटेत दुसऱ्या कुणाला खायला घातला असलात तर मात्र तो धुतलेला यायचा, आणि तेवढ्यावरूनच मी ओळखायची. स्वतः जेवून तुम्ही जन्मात कधी डबा धुतला नव्हतात.

पाणी प्यायचं नाही, कारण प्यायलं की गाडी थांबवावी लागते. सकाळी पोटाने हाक मारली तर तिलाही "मगे", म्हणजे नंतर, म्हणायचं, कारण बर्फ वितळतो. घाट चढायच्या आधी वडे, उतरल्यावर पुन्हा वडे, त्यावर थंडगार रंगीत बाटली. संध्याकाळ व्हायला आली की घरी येऊन माशाच्या आमटीबरोबर भाताचा डोंगर, आणि लगेच आडवं व्हायचं. मग पोट फुगलं की पाण्यात ती फसफसणारी पुडी. ढेकर आला की तुमचं सगळं बरं झालं! सोमवारी घरात शिवराक असायचं, म्हणजे बिनमाशाचं, तर त्या दिवशी तुमचं तोंड बघवत नसे. मी अंगणवाडीत काम करते. गावातल्या आयांना सांगते की पोरांना पालेभाजी द्या, पाकिटातलं देऊ नका, वेळेवर भरवा. आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार. तुम्ही वर मलाच चिडवायचात, "गो, माका पण तुज्या वजनकाट्यार बसव, लाडू मेळतलो."

मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवायची. पोट साफ नसलं की तुमचा स्वभावही साफ नसायचा. कपाळाला आठी, धाकट्या भावावर, नंदूवर खेकसणं, रात्रभर कूस बदलणं. आणि समुद्र खवळून मासळी आली नाही, तुम्ही चार दिवस घरी राहिलात, सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी वेळेवर जेवण, हातात पाण्याचा तांब्या, की तिसऱ्या दिवशी तुम्ही गुणगुणत विहिरीवर जायचात. मी म्हणायची, "बघितलंत? पोटाचं आहे हे." तुम्ही म्हणायचात, "पोटाचा नाय, सुट्टयेचा." हा वाद तसाच राहिला. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं.

ओरोसला डॉक्टरांकडे गेलो तो दिवस तुम्ही विसरला नसाल. आईंचा गुडघा दाखवायचा होता म्हणून तुम्ही आलात, एकट्या तुमच्यासाठी कधीच आला नसतात. डॉक्टर तरुण, घाटावरचे. आईंना तपासून झाल्यावर त्या बाहेर दाराशी बाकावर जाऊन बसल्या आणि मी तुम्हाला खुर्चीत ढकललं. पोट कधी तीन-तीन दिवस होत नाही, कधी दिवसातून चारदा पळावं लागतं, वजन उतरलंय, असं सगळं मीच सांगितलं. खाण्याचं विचारल्यावर मात्र तुम्ही बोललात. वड्यांचं नाव घेताना तुमचा चेहरा असा फुलला की डॉक्टरांनाही हसू आलं. मग ते जरा मोठ्याने म्हणाले, "आतलं आपण बघूच. पण आधी बाहेरचं बंद करा. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर या, दुर्बिणीने तपासू."

आईंच्या कानावर त्यातलं एवढंच पडलं. बाहेरचं बंद करा.

आता आपल्याकडे 'भायरचा' म्हणजे काय, हे त्या घाटावरच्या डॉक्टरला कुठून माहीत असणार? वाटेवर लागलेलं, नजरेला न दिसणारं, माणसाला सुकवत नेणारं. बसमध्ये बसल्या बसल्या आई म्हणाल्या, "बघलंस? इतको शिकलेलो, पण त्येका पण कळला. दिगूक भायरचा आसा. घाटातला कायतरी लागला."

मी तिथल्या तिथे म्हटलं, "आई, ते हॉटेलातलं खाणं बंद करा म्हणाले."

आईंनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खिडकीशी बसला होतात. आधी माझ्याकडे बघितलंत, मग त्यांच्याकडे, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "आये म्हणता ता बरोबर. डॉक्टर अशे गोष्टी उघड कसे बोलतले?"

झालं. लेकाने सांगितल्यावर सुनेचं कोण ऐकतो? देवळात गाऱ्हाणं घातलं, गुरवाबरोबर सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. राखणदाराला कोंबडा दिला. आणि दर फेरीला एक नारळ, घाटाच्या पायथ्याशी फोडायला. आई स्वतः सोलून, शेंडी ठेवून तुमच्या हातात द्यायच्या. पंधरा दिवस गेले. मी दुर्बिणीचं काढलं की तुम्ही म्हणायचात, "आयेचा पुरा होवंदे, मगे बघू." गाऱ्हाण्यानंतर अमावस्या, अमावस्येनंतर जत्रा, जत्रेनंतर मासळीचा हंगाम. मी भांडले, अबोला धरला, एकदा तर टेम्पोची चावी पिठाच्या डब्यात लपवली. तुम्ही ती शोधून काढलीत आणि पिठाच्या हातांनी माझ्या गालाला बोट लावून गेलात.

मग परसाकडला रक्त दिसायला लागलं, आतड्यात मोठी गाठ निघाली, आणि कोल्हापूरचं हॉस्पिटल. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आपण दोघंच होतो. तुम्ही छताकडे बघत पडला होतात. अचानक म्हणालात, "सुमन, तो डॉक्टर काय बोललो ता माका तेवाच कळलेला."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"नाय, तुका सगळा म्हायत नाय. थंय नारळ फोडी होतंय ना, त्येच्या समोरच वडेवालो. खोबरा त्येका देय होतंय. तो चटणी करी."

आईंच्या नारळाची चटणी! वड्याबरोबर! तुम्ही पोट धरून हसलात, दुखत असूनही हसलात, आणि मीही हसले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा आपल्याकडे टकामका बघत होता. त्या आजारपणात आपण तेवढंच एकदा हसलो. मग तुम्ही माझा हात धरलात. "आयेक सांगू नको. तिका वाटता आपण झिलासाठी सगळा केला. ता तसाच रवांदे." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

पुढचं मला लिहायचं नाही.

तुम्ही गेलात आणि त्या दिवसापासून आईंचं एकच सुरू झालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "माजा गाऱ्हाणा कमी पडला." कोंबडा उशिरा दिला, नारळाला कुंकू लावायचं एकदा राहिलं, असं काय काय आठवून त्या स्वतःला कोसत होत्या. घास तोंडाशी नेऊन खाली ठेवायच्या. मला दिसत होतं, पण तुमचा शब्द होता. मी गप्प राहिले. आईंपुरतं असतं तर कदाचित गप्पच राहिले असते.

पण नंदू होता ना. आपल्याला मूलबाळ नाही. तुमचा हा धाकटा भाऊ वडील गेल्यावर तुम्हीच खांद्यावर वाढवलात, त्याला टेम्पो शिकवलात, घाटात गाडी कशी चढवायची ते शिकवलंत. खायचं कुठे तेही शिकवलंत.

सुतकात घरात फोडणी पडत नाही. नंदू टेम्पो उभा करून घरीच होता. पेज, मुगाचं वरण, शेजाऱ्यांनी आणून दिलेली उकडलेली भाजी, तेही ठरल्या वेळेला. त्याच्या चेहऱ्यावर रडून सूज होती, पण अंगाने तो बरा दिसत होता. सुतक फिटलं आणि तो पुन्हा फेऱ्या करायला लागला. थोड्याच दिवसांत बघते तर तुमच्या कपाटातल्या त्या फसफसणाऱ्या पुड्या कमी होत होत्या. मग एका दुपारी मी विहिरीवर भांडी घासत होते तेव्हा तो आला आणि रहाटाकडे बघत उभा राहिला.

"वैनी, दादाक पयला काय झालेला?"

माझ्या हातातली कढई तशीच राहिली. "कित्याक रे?"

मीच विचारलं, "रगात?"

"अधनंमधनं. सुतकात कमी झालेला. आता परत." आणि मग मान खाली घालून, "आयेक सांगू नको."

तुमचेच शब्द. तुम्ही दोघं मिळून मला काय गुपितांची पेटी समजलात?

मी त्याला म्हटलं, उद्याच्या उद्या ओरोसला जाऊ. तो हो म्हणाला. पण रक्ताचं माहीत नसलं तरी त्याचं फुगलेलं पोट आणि जेवताना अर्ध्यावरून उठणं आईंनी बघितलंच होतं. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "भायरच्यान दिगूक सोडल्यान आणि आता नंदूक धरल्यान." अमावस्येनंतर गाऱ्हाणं घालायचं त्यांनी गुरवाला सांगूनही टाकलं होतं. आणि यावेळी कमी पडू द्यायचं नव्हतं. नंदूने माझ्याकडे बघितलं, आईंकडे बघितलं आणि म्हणाला, "आयेचा पुरा होवंदे वैनी, मगे जातंय."

तोच चेहरा, तीच मान, तेच वाक्य. फरक एवढाच की तुम्ही लबाडी करत होतात आणि तो बिचारा खरंच बोलत होता. आईंनी तुमच्यासाठी रडायचं आणि मग त्याच्यासाठीही रडायचं, आणि मी तुमचा शब्द जपत बसायचं? तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत, असं मी रात्रभर विचारलं. तुम्ही बहुतेक "मगे बघू" म्हणाला असतात.

सकाळी आई खळ्यात चटईवर कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. हात लालेलाल. मी समोर बसले आणि सोलं पसरायला लागले.

"आई, माका एक सांगूचा आसा. ह्येंनी सांगू नको म्हटलेला."

त्यांनी वर बघितलं नाही. मी सांगत गेले. डॉक्टरांचं वाक्य, त्याचा खरा अर्थ, बसमधलं तुमचं बोलणं, घाटातला नारळ. चटणीसुद्धा. म्हटलं अर्धवट सांगायचं नाही. त्यांना पटेना, म्हणून हेही म्हटलं, "सुतकात आपण देवळाची पायरी चढाक नाय. गाऱ्हाणा नाय, नारळ नाय. मगे नंदूचा पोट कशान हलका झाला?" आणि शेवटी रक्ताचं सांगितलं. म्हणजे नंदूचाही शब्द मोडला. एकाच बैठकीत दोन भावांचे.

आईंचे हात थांबले होते. मला भीती वाटायला लागली. मग म्हणाल्या, "कोणी सांगल्यान तुका ह्या?"

"ह्येंनीच. हॉस्पिटलात."

"हसान सांगल्यान?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "व्हय," मी म्हटलं. "हसान."

"ल्हानपणी पण तसोच. लबाडी केल्यान काय त्येका हसू लपवक येय नाय." आणि मग एकदम माझं मनगट घट्ट धरून, "म्हणजे माजा गाऱ्हाणा कमी पडूक नाय?"

"नाय, आई."

"कोंबो उशिरा दिललंय म्हणान नाय?"

"नाय."

मग त्या रडल्या. तुम्ही गेल्यापासून त्या बोलत होत्या, कोसत होत्या, पण रडल्या नव्हत्या. त्या दिवशी खळ्यात बसून, लाल हात पदराला पुसत, मोठमोठ्याने रडल्या. तुम्हाला शिव्याही घातल्या, सगळ्या लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहेत. मलाही सोडलं नाही. "घोवाचो शब्द मोडलंस," म्हणाल्या. मी म्हटलं, "मोडलंय." त्यावर त्या उठून आत गेल्या. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, गेलं, नंदूही गेला हातचा आणि आईही.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तर आई लुगडं नेसून, पिशवी घेऊन ओटीवर तयार बसलेल्या. नंदूच्या दाराला काठी आपटत होत्या. "ऊठ रे! गाडी चुकतली!"

ओरोसच्या त्याच डॉक्टरांनी तपासलं. तुमचं काय झालं ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच कोल्हापूरची चिठ्ठी दिली आणि आम्ही तिघं बसने निघालो. मला वाटलं होतं आई घरी राहतील, पण त्या हट्टाने आल्या. फोंड्याला बस थांबली. नंदूने हळूच बोट केलं. वडाखाली एक दगड, त्यावर शेंदूर, आणि रस्त्याच्या पलीकडे पत्र्याची शेड, समोर पाच-सहा टेम्पो, वड्यांच्या कढईभोवती माणसं. आईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. इतके दिवस त्यांनी मनात काय भयंकर जागा रंगवली होती कोण जाणे.

"ह्यो तो?"

"व्हय आये."

त्या बघत राहिल्या. बस सुटली तरी मान वळवून बघत होत्या. घाटाचं पहिलं वळण आल्यावर पुढे वळून बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वास बरो येय होतो गो."

दुर्बिणीच्या तपासणीला नंदू आत गेला तेव्हा मी दारासमोर बसून होते. तुमच्या वेळचं सगळं डोळ्यांपुढे येत होतं. आई जप करत होत्या, आणि मी मनात तुम्हाला बोलत होते. ह्याला नेलंत तर बघा, म्हणत होते. तुमच्याशी बोलायची माझी हीच रीत, आता कशाला बदलू?

डॉक्टर बाहेर आले. आतड्यात गाठ होती. लहान होती, तिथल्या तिथे काढली. पुढे तपासणीचा कागदही चांगला आला. ते म्हणाले, "वेळेत आलात. आणखी काही वर्षं अशीच गेली असती तर मी वेगळं बोललो असतो. आता नियमाने तपासायला यायचं." हे वाक्य तुमच्या वेळी आपल्याला कुणी म्हणालं नव्हतं.

मग मी त्यांना विचारलंच. म्हटलं, माझा नवरा वड्यांनी गेला का? ते म्हणाले, असं एका पदार्थावर बोट ठेवता येत नाही. घराण्यातही असतं हे. पण रोज काय खाता, कधी खाता, पाणी किती पिता, पोटाची हाक ऐकता की दाबता, यावर आतडं बनतं आणि बिघडतं, आणि आतडं बिघडलं की झोप, चिडचिड, अंगातली ताकद, सगळंच बिघडतं. आणि मुख्य म्हणजे उशीर करू नये. म्हणजे बघा, तुमचे वडे सुटले आणि तुमचं "मगे" सापडलं. मला वाटलं होतं मी जिंकेन. जिंकून समोर कुणी नसलं की ते कसं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

नंदू आता बरा आहे. सकाळी पेज पिऊन निघतो, वाटेत गाडी थांबवतो, कुरकुरतो. आई दोन घास जास्त जेवतात. परवा तुमचा विषय निघाला तर चटणीचं त्यांनी स्वतःच शेजारणीला सांगितलं, आणि दोघी हसल्या. मला मात्र त्या अजून "शब्द मोडणारी" म्हणतात, हसत म्हणतात, पण म्हणतात.

तुम्हाला राग आला असेल. यायलाच हवा. मरताना मागितलेली एकच गोष्ट, तीही मी ठेवली नाही. पुन्हा वेळ आली तरी ठेवणार नाही, हेही सांगते. त्यावर तुम्हाला जे काही बोलायचं असेल ते येऊन बोला. ओरडा, ताट सारून द्या, चार दिवस अबोला धरा. मी घरीच आहे.